बातम्यांसारख्या वाटणाऱ्या राजकीय डिस्टोपिया कादंबऱ्या: वाचायच्या कशा आणि कुठल्या क्रमाने?

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

आठ जणांच्या वाचनगटासाठी बारा आठवड्यांत चार पुस्तकं ठरवायची आहेत. विषय पक्का झालाय: राजकीय डिस्टोपिया. म्हणजे राज्ययंत्रणा माणसाच्या घरात, भाषेत, आठवणीत शिरलेली असते आणि दर दहा पानांनी 'हे तर कालच्या पेपरात होतं' असं वाटतं, अशा कादंबऱ्या.

अडचणही नेमकी तीच आहे. चर्चा सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच कोणीतरी म्हणतं, 'हा म्हणजे अगदी अमुक नेता.' समोरचा त्याच पुस्तकातलं वाक्य उलटं फेकतो. मग दोन तास राजकारण होतं आणि पुस्तक बाजूलाच राहतं.

माझं मत सांगतो. या कादंबऱ्या भविष्य सांगत नाहीत. लेखकाने आपल्या काळात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पुढे ताणलेली असते. म्हणून 'किती खरं ठरलं' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पण मग काय शोधत वाचायचं? टिपणं कशी काढायची? क्रम कुठला? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तळटीप

चांगला विषय. मुद्द्याला पूर्ण सहमत, म्हणून थोडं लांबवतो.

प्रत्येक पुस्तकाला दोन सालं असतात: कथा घडते ते आणि पुस्तक लिहिलं गेलं ते. दुसरं साल पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि त्याखाली लेखकासमोर तेव्हा काय होतं ते दोन ओळींत. एवढ्याने निम्मं काम होतं.

ऑर्वेलचं '१९८४' घ्या. प्रसिद्धी ८ जून १९४९, लेखन १९४६ ते ४८ मध्ये ज्युरा बेटावर, क्षय बळावत असताना. २१ जानेवारी १९५० ला तो गेला. त्याच्यासमोर काय होतं? स्पेनचं यादवी युद्ध. तिथे त्याच्या गळ्यातून गोळी गेली, आणि जिथे चकमकसुद्धा झाली नव्हती तिथल्या मोठमोठ्या लढायांची वर्णनं त्याने वर्तमानपत्रांत वाचली. मग १९४१ ते ४३ बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानसाठीची भाषणं, सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारी. मग १९४३ ची तेहरान परिषद, जिथे तिघे बडे जगाच्या वाटण्यांबद्दल बोलत होते. आणि युद्ध संपलं तरी न संपलेलं लंडनचं रेशन.

आता चॉकलेटचा प्रसंग वाचा. आठवड्याचं चॉकलेट ३० ग्रॅमवरून २० वर आणल्याची घोषणा होते. दुसऱ्याच दिवशी टेलिस्क्रीन (घराघरातला, बातम्या दाखवणारा आणि माणसावर पाळतही ठेवणारा पडदा) सांगतो की रेशन २० ग्रॅमपर्यंत *वाढवल्याबद्दल* लोकांनी मोर्चे काढून आभार मानले. नायक विन्स्टनला प्रश्न पडतो: चोवीस तासांत हे लोकांच्या गळी उतरतं कसं? उतरतं. इथे कुठल्याही नेत्याचा चेहरा नाही. यंत्रणेची कळ आहे: जुना आकडा गायब केला की नवा कमी आहे की जास्त, हे ठरवायलाच काही उरत नाही.

तर नेत्याचा चेहरा शोधू नका, कळ शोधा. कळ सापडली की 'ही आज कुठे दाबली जाते का' हा प्रश्न निदान तपासता तरी येतो.

रातकिडा

+१. त्या प्रसंगासोबत विन्स्टनच्या नोकरीचं पानही वाचावं. कामाच्या पायऱ्या इतक्या स्पष्ट आहेत की कागदावर काढता येतात.

नळीतून चिठ्ठी येते, कार्यालयीन आखूड भाषेत. तो टेलिस्क्रीनवर 'टाइम्स'चा जुना अंक मागवतो. दुरुस्ती बोलून लिहिणाऱ्या यंत्राला सांगतो. ती अंकाला जोडून पुन्हा नळीत टाकतो. मूळ चिठ्ठी आणि स्वतःची टिपणं भिंतीतल्या भोकात, म्हणजे थेट भट्टीत. पुढे कोणीतरी अंक नव्याने छापतं, जुन्या प्रती गोळा करून जाळतं आणि नवा अंक त्याच जागी ठेवतं. पुस्तकं, पत्रकं, चित्रपट, छायाचित्रं, सगळ्यांचं हेच.

या पूर्ण साखळीत 'मी खोटं लिहितोय' असं कोणाला म्हणावंच लागत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एकच तुकडा असतो आणि त्या तुकड्याचं नाव 'दुरुस्ती' असतं.

अडकित्ता

हे वाचून लोक लगेच म्हणतात, आता इंटरनेट आहे, काही पुसता येत नाही. उलट आहे. छापील अंक जाळायला माणसं, गाड्या, भट्ट्या लागतात. वेबपान बदलायला एक माणूस पुरतो आणि जुन्या पानाची राखही उरत नाही.

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून काही पुस्तकं दुरून काढून घेतली. विक्रेत्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते हे कारण, पैसेही परत केले. पुस्तकं कुठली होती? ऑर्वेलचीच, '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'. त्यावर काढलेली टिपणंही निराधार झाली. कंपनीने नंतर माफी मागितली. हेतू सेन्सॉरशिपचा नव्हता, पण कळ तीच: प्रत ज्याच्या हातात त्याच्या मालकीची नाही.

म्हणून गटाला एक व्यावहारिक सूचना. आजची बातमी टिपणात घेणार असाल तर नुसता स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यावर पानाचा पत्ता आणि वेळ बहुतेकदा नसते. पत्ता वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) टाकून पान साठवा आणि तिथे तयार होणारा तारखेसहचा दुवा वहीत उतरवा. महिन्याने मूळ पान उघडून शेजारी ठेवून बघा. बदल दिसला तरी लगेच कट समजू नका. आधी मथळा बदलला, आकडा बदलला की शुद्धलेखन, हे बघा. 'अद्ययावत केले' अशी नोंद आहे का ते बघा. नोंद असेल तर ती दुरुस्ती. नोंद नसताना आकडा बदलला असेल तर वहीत घ्या.

मावळतीचा_वाचक

सगळी चर्चा '१९८४'पाशीच का थांबते? आजचं जग बघायचं तर हक्सलीचं १९३२ चं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' जास्त जवळचं आहे. तिथे कोणाला मारत नाहीत, सुखात ठेवतात. गोळीचं नाव 'सोमा', आपल्या ऋग्वेदातल्या सोमावरून उचललेलं. मात्रासुद्धा दिली आहे: अर्ध्या सुट्टीला अर्धा ग्रॅम, शनिवार-रविवारला एक, पूर्वेच्या सहलीला दोन, चंद्रावरच्या अंधाऱ्या अनंतकाळासाठी तीन. अस्वस्थ वाटलं की बंडाऐवजी गोळी. हातातल्या फोनकडे बघा आणि सांगा कुठलं जवळचं.

तळटीप

@मावळतीचा_वाचक, अर्धं पटलं. पण 'ऑर्वेल की हक्सली' अशी लढत लावली की दोन्ही पुस्तकं वाया जातात. '१९८४' मधले प्रोल, म्हणजे पक्षाबाहेरची कष्टकरी जनता, आठवा. लोकसंख्येच्या ८५ टक्के. त्यांच्यासाठी यंत्राने रचलेली गाणी, लॉटरी, स्वस्त मनोरंजन. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनसुद्धा नाही. पाळत पक्षाच्या माणसांवर, करमणूक बाकीच्यांना. ऑर्वेलच्या जगात हक्सलीचा भाग आधीच आहे, फक्त तो वेगळ्या वर्गासाठी आहे. कुणाला काय मिळतं, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांना विचारा.

काजळमाया_०७

अवांतर: डिस्टोपियाला मराठी शब्द काय? 'दुःस्वप्नराज्य' म्हणावं का?

पानसुपारी

अवांतरच पुढे नेतो, कारण शब्दाचा विषयाशी संबंध आहे. 'युटोपिया' हा थॉमस मोरचा १५१६ चा शब्द, ग्रीकमधून, अर्थ 'नसलेली जागा'. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडवरच्या भाषणात सरकारच्या धोरणकर्त्यांना 'डिस-टोपियन' म्हटलं. म्हणजे हा शब्द पहिल्यापासून चालू राजकारणावरच फेकलेला आहे, कथाकादंबऱ्यांकडे तो नंतर आला.

आपल्याकडे वाईट राज्याला जुने शब्द आहेत: मोगलाई, अंधेरनगरी, हम करे सो कायदा. पण बारकाईने बघा, हे सगळे *बेबंदशाहीचे* शब्द आहेत. मोगलाई म्हणजे कोणी विचारणारा नाही, कोणीही यावं टिकली मारून जावं. डिस्टोपिया याच्या उलट. तिथे प्रत्येक गोष्ट विचारली जाते, नोंदली जाते, वेळापत्रकात बसवली जाते. आपल्या भाषेच्या अनुभवात राज्य नसण्याची भीती जुनी आहे, अतिराज्याची नवी. म्हणून 'अंधेरनगरी' हा शब्द मला इथे चालत नाही. 'अतिराज्य' कसा वाटतो?

काजळमाया_०७

'अतिराज्य' आवडला. घेतला.

निळीशाई

क्रमाबद्दल. सुरुवात रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी'पासून करावी असं माझं ठाम मत आहे. कारणं सांगते.

एक, हे सगळ्यांच्या आधीचं. लेखन १९२०-२१, पहिलं प्रकाशन १९२४ मध्ये न्यूयॉर्कला आणि तेही इंग्रजी भाषांतरात. ज्या देशाच्या भाषेत लिहिलं तिथे ते १९८८ मध्ये छापलं गेलं. ऑर्वेलने जानेवारी १९४६ मध्ये त्यावर परीक्षण लिहिलं, स्वतःची कादंबरी हाती घेण्याच्या जरा आधी.

दोन, लेखक जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. झारनेही त्याला तुरुंगात टाकलं होतं आणि बोल्शेविकांनीही. त्यामुळे हे एका पक्षावरचं पुस्तक आहे असं म्हणायची सोय राहत नाही. तुमच्या गटाला हे फार उपयोगी पडेल.

तीन, निवडणुकीचा प्रसंग, २५ व्या नोंदीच्या आसपास (पुस्तक नायकाच्या नोंदींच्या रूपात आहे). वर्षातून एकदा 'एकमताचा दिवस'. सगळे हात वर करून त्याच 'उपकारकर्त्या'ला, म्हणजे राज्यप्रमुखाला, पुन्हा निवडतात. निकाल आधीच माहीत, म्हणून तो सण. त्या वर्षी 'विरोधात कोण' विचारल्यावर हजारो हात वर जातात. दुसऱ्या दिवशी सरकारी वृत्तपत्र म्हणतं, ती मतं मोजणं हास्यास्पद आहे, मैफलीत आजारी माणूस खोकला म्हणून तो खोकला कोणी संगीताचा भाग धरत नाही. मतं चोरली नाहीत, खोटी मोजली नाहीत. ती मतंच नव्हेत असं ठरवलं. ही कळ ओळखायला शिका, कारण मतमोजणीतल्या गडबडीपेक्षा ती वेगळी आहे आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते.

खडूफळा

निळीशाई यांना +१००. मात्र एक वर्गवारी सुचवतो, कारण 'चालू घडामोडींशी जुळणारी' म्हणताना आपण दोन वेगळ्या जातींची पुस्तकं एकत्र करतोय.

पहिली जात: राज्य उभं राहून वर्षं झालीत. 'वी', '१९८४', 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', 'फॅरनहाइट ४५१'. पायात बेड्या आहेत, पण त्या कोणी कधी घातल्या ते धूसर. दुसरी जात: राज्य आपल्या डोळ्यांसमोर बनतंय. सिंक्लेअर लुईसचं १९३५ चं 'इट कान्ट हॅपन हिअर' किंवा पॉल लिंचचं 'प्रॉफेट साँग', ज्याला २०२३ चं बुकर मिळालं. बातम्यांशी तुलना करायची असेल तर दुसरी जात कामाची. पहिल्या जातीचं पुस्तक आजच्या लोकशाहीशेजारी ठेवलं की तुलना फसते. एकतर सगळं अतिशयोक्त वाटतं किंवा सगळं आधीच संपलंय असं वाटतं.

लुईसच्या पुस्तकात बझ विंड्रिप अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो तो निवडून येऊन, बंड करून नाही. जाहीरनामा पंधरा कलमांचा. कुटुंबाला ५,००० डॉलरचं आश्वासन सगळ्यांच्या तोंडी. पण पंधरावं कलम काय म्हणतं? संसद फक्त सल्ला देईल आणि सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्राध्यक्षाची कृती रद्द ठरवता येणार नाही. लपवलेलं काही नाही. छापून वाटलेलं आहे, शेवटच्या कलमात. गटात हा जाहीरनामा मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला विचारा की कितव्या कलमापर्यंत लक्ष टिकलं.

लेखनाचं साल इथेही महत्त्वाचं. लुईसची पत्नी डोरोथी थॉम्प्सन पत्रकार होती. तिने १९३१ मध्ये हिटलरची मुलाखत घेतली होती आणि १९३४ मध्ये तिला जर्मनीतून हाकललं. त्यामुळे त्या पुस्तकातल्या अमेरिकेच्या आत बर्लिन भरलेलं आहे.

लाल_झगा

अॅटवुडचं 'द हँडमेड्स टेल' (१९८५) दोन्ही जातींत बसतं, म्हणून गटासाठी मला ते मधलं पुस्तक वाटतं. लेखन पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालं, भिंत उभी असताना. तिने स्वतःला घातलेला नियम प्रसिद्ध आहे: इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काही पुस्तकात घ्यायचं नाही. उदाहरण हवं तर रोमानियाचा १९६६ चा ७७० क्रमांकाचा हुकूम, ज्याने गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद केला. तो १९८९ मध्ये चाउशेस्कू पडेपर्यंत चालला.

लोक पुस्तकातल्या दासींचा लाल झगा आणि पांढरी टोपी धरून बसतात. २०१७ पासून अमेरिकेत निदर्शनांतही तोच वेश दिसला, ते समजण्यासारखं आहे. पण वाचकाने वेशाच्या आधीची पानं धरावीत. क्रम बघा. राष्ट्राध्यक्षाची हत्या आणि संसदेवर गोळीबार. दोष बाहेरच्या अतिरेक्यांवर. राज्यघटना 'तात्पुरती' स्थगित. लोक घरात टीव्हीपुढे बसून राहतात, दंगासुद्धा होत नाही. मग वर्तमानपत्रांवर बंधनं, नाकेबंदी, ओळखपत्रं. आणि मग एके सकाळी सिगारेट घ्यायला गेलेल्या बाईचं कार्ड चालत नाही. ती क्रमांक पुन्हा तपासायला सांगते. पुन्हा नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातली नोकरी जाते. संध्याकाळी कळतं की सगळ्या बायकांची खाती गोठली आहेत आणि पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या नावावर जाणार.

हे एका दिवसात शक्य झालं, कारण त्या देशात रोख पैसा आधीच संपला होता. कुठल्याही जुलमी माणसाने तो संपवला नव्हता, सोयीसाठी संपला होता. नोटा असत्या तर काम अवघड गेलं असतं, असं निवेदिका स्वतः म्हणते. ही या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची कळ आहे आणि मालिका पाहिलेले बरेच जण ती विसरतात.

तळटीप

यालाच जोडून: शेवटची पानं गाळू नका. 'हँडमेड्स टेल'च्या शेवटी २१९५ मधल्या एका परिसंवादाचा वृत्तांत आहे. '१९८४'च्या शेवटी न्यूस्पीकवरचं, म्हणजे राज्याने मुद्दाम तोकड्या केलेल्या भाषेवरचं, परिशिष्ट आहे, आणि ते भूतकाळात लिहिलंय. न्यूस्पीक अशी *होती*. म्हणजे कोणीतरी ते राज्य संपल्यावर मागे वळून लिहितंय, असं वाचता येतं. अमेरिकेतल्या एका बड्या बुक क्लबने परिशिष्ट आणि गोल्डस्टीनचा (कादंबरीतला पक्षाचा शत्रू) ग्रंथ गाळायची अट घातली होती. मोठ्या रकमेचा प्रश्न असूनही ऑर्वेलने नकार दिला.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. ऑर्वेल १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे, लुईस २०१२ पासून, हक्सली २०२४ पासून. त्यामुळे बाजारात स्वस्त आवृत्त्या भरपूर आहेत. घेताना शेवटचं पान उघडून परिशिष्ट आहे की नाही ते बघून घ्या. मराठीत नव्याने भाषांतर करायलाही आता कोणाची परवानगी लागत नाही. कोणीतरी मनावर घ्या.

पानसुपारी

भाषांतर निघालंच आहे तर, न्यूस्पीक मराठीत आणणं कठीण. 'चांगलं' ठेवून 'वाईट' काढून टाकायचं आणि 'अचांगलं', 'अधिकचांगलं', 'दुप्पटअधिकचांगलं' करायचं, हे जमेल. पण आपल्याकडे अ, बे, गैर, कु, ना, नि असे इतके उपसर्ग आहेत की भाषा गरीब वाटतच नाही. भाषांतरकाराने एकच उपसर्ग धरून बाकीचे निर्दयपणे टाकावेत, तरच गुदमरल्यासारखं होईल.

गटासाठी एक खेळ. परिशिष्टात ऑर्वेल म्हणतो, 'कम्युनिस्ट इंटरनॅशनल' म्हटलं की विश्वबंधुत्व, लाल झेंडे, रस्त्यावरचे अडथळे, मार्क्स डोळ्यांपुढे येतात, 'कॉमिन्टर्न' म्हटलं की फक्त एक घट्ट बांधलेली संघटना, आणि तो शब्द जवळजवळ विचार न करता उच्चारता येतो. लघुरूप विचार करायचे श्रम वाचवतं. कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही सरकारच्या योजनांची दहा लघुरूपं घ्या, पूर्ण नावं उलगडून लिहा आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्यासाठी प्रत्यक्षात काय होतं ते लिहा. कुठे शब्द आणि काम जुळेल, कुठे नाही. दोन्ही नोंदवा.

सरळसोट

माझा विरोध नोंदवतो. हे सगळं ठीक आहे, पण व्यवहारात काय होतं? प्रत्येक पक्षाचा माणूस '१९८४' समोरच्यावर फेकतो. सत्तेत असला की तेच पुस्तक अतिशयोक्त, विरोधात गेला की तेच वेदवाक्य. मग अशा वाचनातून हाती काय लागतं? त्यापेक्षा सरळ इतिहास वाचा.

तळटीप

आक्षेप रास्त आहे. खुद्द ऑर्वेलवर ही वेळ आली होती. जून १९४९ मध्येच त्याला जाहीर करावं लागलं की ही कादंबरी समाजवादावर किंवा ब्रिटिश मजूर पक्षावर हल्ला नाही.

उपाय: पक्षबदल चाचणी. आजची जी बातमी पुस्तकाशी जोडायची ती आधी एका वाक्यात लिहा, पक्ष, नेता, राज्य आणि तारीख न घालता. 'सरकारने अमुक प्रकारच्या लिखाणासाठी अटक केली.' चिठ्ठी घडी करून वाटीत टाका. दुसऱ्याने काढून वाचावी आणि ही पुस्तकातली कळ आहे की नाही ते सांगावं. मग नाव उघड करा. नाव कळल्यावर मत बदललं तर ते टिपण बाद. निर्दय आहे, पण दोन बैठकांत शिस्त लागते.

इतिहासाबद्दल म्हणाल तर 'ऐवजी' नको, 'सोबत' हवा. खाली कोणीतरी आणीबाणीबद्दल लिहावं.

सह्याद्रीपार

लिहितो. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. २५ जून हा ऑर्वेलचाही जन्मदिवस, १९०३, बिहारमधल्या मोतिहारीत. निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात राहते.

महाराष्ट्रापुरतं तीन गोष्टी वाचनासोबत ठेवाव्यात. पहिली, डिसेंबर १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये आजारी. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि जयप्रकाशांसाठी सभेला उभं राहून प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. दुसरी, 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा खटला. सेन्सॉरने मजकूर अडवला, मिनू मसानी न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिसरी अगदी छोटी. जून १९७५ च्या शेवटी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत निधनवार्तांमध्ये एक जाहिरात आली: डी. ई. एम. ओक्रसी यांचे निधन, टी. रुथ यांचे पती, एल. आय. बर्टी यांचे वडील. मोठ्याने वाचा. डेमोक्रसी, ट्रुथ, लिबर्टी. संपादकीयावर सेन्सॉरची नजर होती, मृत्यूच्या छोट्या जाहिरातींवर नव्हती.

या तिन्ही गोष्टी डिस्टोपियात सापडत नाहीत. विन्स्टनसमोर उच्च न्यायालय नाही, संमेलन नाही, छोट्या जाहिरातींचं पान नाही. पुस्तकाशेजारी इतिहास ठेवला की कादंबरीने काय काढून टाकलंय ते दिसतं.

निळीशाई

वा! हा शेवटचा परिच्छेद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा.

दुर्बीण

'भविष्य अचूक सांगितलं' या गैरसमजाचं एक उत्तम उदाहरण. ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरबल ऑफ द सोअर' १९९३ ची, आणि डायरी सुरू होते २० जुलै २०२४ ला. १९९८ च्या पुढच्या भागात एक कट्टर धार्मिक उमेदवार अमेरिकेला पुन्हा महान करण्याची घोषणा देतो. २०१६ नंतर सगळीकडे 'तिला कसं कळलं!' सुरू झालं. कळायचं काय, रेगनच्या १९८० च्या प्रचारात ती घोषणा होतीच. बटलरने ऐकली आणि लक्षात ठेवली. मला तर हे भविष्यकथनापेक्षा मोठं काम वाटतं.

लाल_झगा

'फॅरनहाइट ४५१' (१९५३) बद्दल दोन ओळी. सगळे म्हणतात, सरकार पुस्तकं जाळतं. पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांचा प्रमुख बीटी स्वतः सांगतो की हे सरकारकडून सुरू झालं नाही. लोकांनी आधी वाचणं सोडलं, प्रत्येक गटाला काहीतरी खटकत गेलं, पुस्तकं आखूड झाली, सारांश झाली, मग बंब आले. आणि १९७९ मध्ये उघड झालं की या पुस्तकाच्याच शालेय आवृत्तीत प्रकाशकाने वर्षानुवर्षं शब्द बदललेले होते. लेखकाला पत्ता नव्हता.

शब्दवेल्हाळ

मनापासून आभार. इतकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. वहीचे रकाने असे ठरवतोय: १) पुस्तकातला प्रसंग आणि पान, २) लेखकाने तेव्हा पाहिलेली गोष्ट, ३) आजची बातमी, तारीख, साठवलेला दुवा. पुरेल?

खडूफळा

चौथा हवा: कुठे जुळत नाही. आणि तो रिकामा ठेवायची मुभा नको. एक भरून दाखवतो.

१) '१९८४', पहिलं प्रकरण. डायरी लिहिणं बेकायदा नव्हतं, कारण कायदेच उरले नव्हते. पण पकडलं तर मरण किंवा किमान २५ वर्षं सक्तमजुरी.
२) स्टालिनच्या काळातले मॉस्कोचे खटले.
३) माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन मुलींना अटक. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे खटले थांबवायला सांगितलं.
४) इथे कायदा होता, न्यायालय होतं, कलम रद्दही झालं. जुलूम कायदा नसल्यामुळे झाला नाही, रद्द झालेला कायदा ठाण्यापर्यंत रद्द होऊन पोचलाच नाही म्हणून झाला. ऑर्वेलकडे या प्रकारच्या ढिलाईला जागा नाही, त्याचं राज्य फार कार्यक्षम आहे.

चौथ्या रकान्यामुळे पुढचा प्रश्न सुचतो: निकाल खालपर्यंत पोचवायचं काम कोणाचं? 'अगदी १९८४!' म्हणून थांबलो असतो तर हा प्रश्न आलाच नसता.

अडकित्ता

जबरदस्त. टेलिस्क्रीन आणि फोनचंही असंच करा. टेलिस्क्रीन पक्षाच्या सामान्य माणसाला बंद करता येत नाही आणि तो राज्याने बसवलेला. फोन आपण हप्त्याने विकत घेतो आणि माहिती आधी कंपन्यांकडे जाते. चौथा रकाना तिसऱ्यापेक्षा लांब होईल.

सरळसोट

वाटी आणि चौथा रकाना असेल तर माझा विरोध मागे घेतो. मात्र एका बैठकीला तीन बातम्यांच्या वर नको, नाहीतर पुस्तक पुन्हा बाजूला पडेल.

शब्दवेल्हाळ

मान्य. अंतिम वेळापत्रक:

आठवडे १ ते ३: 'वी'. चाळीस नोंदी, १४, १३, १३ अशा.
आठवडे ४ ते ६: '१९८४'. तीन भागांना तीन आठवडे, प्रकरणं ८, १० आणि ६. परिशिष्ट शेवटच्या आठवड्यात.
आठवडे ७ ते ९: 'हँडमेड्स टेल', परिसंवादासकट.
आठवडे १० ते १२: 'इट कान्ट हॅपन हिअर', ३८ प्रकरणं. सोबत आणीबाणीची कागदपत्रं.

तळटीप

पाचव्या आठवड्याकडे लक्ष ठेवा. दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात गोल्डस्टीनचा लांबलचक ग्रंथ येतो आणि बरेच जण तिथे पुस्तक सोडतात. खुद्द ज्युलियालाही तिथेच झोप लागते. ते प्रकरण दोघांत वाटून द्या, एकाने अज्ञानावरचा भाग, दुसऱ्याने युद्धावरचा. युद्ध जिंकण्यासाठी नसून जास्तीचा माल संपवण्यासाठी चालू ठेवलंय, हे तिथेच आहे. ते वाचायचं राहिलं तर चॉकलेटचे ३० ग्रॅम का २० झाले तेही कळायचं राहील.

काजळमाया_०७

पहिल्या बैठकीला प्रत्येकी वीस ग्रॅम चॉकलेट ठेवा आणि वाढवून दिलंय असं सांगा. :)

शब्दवेल्हाळ

नक्की! शेवटचा प्रश्न: 'वी'चं कुठलं इंग्रजी भाषांतर घ्यावं?

निळीशाई

१९२४ चं झिलबुर्गचं पहिलं. त्यानंतर मिरा गिन्सबर्ग १९७२, क्लॅरेन्स ब्राउन १९९३, नताशा रँडल २००६, बेला शायेविच २०२१. शायेविचच्या आवृत्तीला अॅटवुडची प्रस्तावना आहे, म्हणजे तुमच्या तिसऱ्या पुस्तकाशी धागा आपोआप जुळेल. आठही जणांनी एकच भाषांतर घ्या, कारण निवेदक डी-५०३ ची वाक्यं अर्ध्यावर तुटतात आणि प्रत्येक भाषांतरात ती वेगळ्या ठिकाणी तुटतात, मग पान सापडत नाही. प्रस्तावना मात्र चाळिसावी नोंद संपल्यावरच वाचा.